व्हीएस कोडच्या साइडबारमधला पसारा: गिटने इग्नोर केलेल्या फाइल्स लपवायच्या कशा

परवा रात्री मावसभावाचा फोन आला, रिअ‍ॅक्ट शिकायला सुरुवात करून त्याला जेमतेम दोन आठवडे झालेत, म्हणाला दादा माझी अ‍ॅपची फाइल सापडत नाहीये, डिलीट झाली वाटतं. म्हटलं स्क्रीन शेअर कर. बघतो तर त्याने चुकून नोड मॉड्यूल्सच्या (बाहेरून आणलेल्या लायब्ररी जिथे साठतात त्या) फोल्डरवर क्लिक केलेलं, ते अख्खं उघडलं होतं आणि पठ्ठ्या माउसचं चाक फिरवत फिरवत खाली चालला होता. त्याने स्वतः लिहिलेल्या फाइल्स सात, आणि साइडबारमध्ये दिसत होती शे-दोनशे फोल्डर्स जी त्याने आयुष्यात कधी बनवली नाहीत. फाइल अर्थातच जागेवर होती, खाली, सोर्सच्या फोल्डरमध्ये.

तर हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी. व्हीएस कोड हा एडिटर धरून चाललोय कारण नव्याने शिकणारे बहुतेक तेच वापरतात, बाकी एडिटरचं शेवटी थोडक्यात सांगतो. आणि एक, कमांड आणि फाइलची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची. नावाआधी 'डॉट' लिहिलं असेल तिथे खरंच टिंब द्यायचं.

आधी हे कळू दे की काय लपवतोय

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल. त्याला 'या फाइल्सकडे लक्ष देऊ नकोस' असं सांगायला आपण डॉट गिटइग्नोर नावाची एक साधी टेक्स्ट फाइल ठेवतो. त्यात काय जातं, तर जे परत बनवता येतं ते (नोड मॉड्यूल्स, डिस्ट, पायथॉनवाल्यांचं पायकॅश आणि व्हेन्व, जावावाल्यांचं टार्गेट) आणि जे कुणाला दाखवायचं नसतं ते, म्हणजे पासवर्ड आणि एपीआय की ठेवलेली डॉट एन्व फाइल. या दोन जाती वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरूनच गोंधळ होतो.

आता नवीन माणसाला वाटतं की गिटइग्नोरमध्ये टाकलं म्हणजे ती वस्तू सगळीकडून गेली. नाही. गिटइग्नोर फक्त गिटशी बोलतं. साइडबार, ज्याला व्हीएस कोड एक्सप्लोरर म्हणतं, तो वेगळा. सर्च वेगळा. तिघांचे नियम वेगळे, सेटिंग वेगळी. मूळ सेटिंगमध्ये साइडबार इग्नोर केलेल्या फाइल्स दाखवतो, फक्त नावं फिकट करडी करतो, आणि सर्च मात्र त्यांच्यात शोधतच नाही. म्हणजे डोळ्यांना दिसतेय ती फाइल, पण शोधली तर सापडत नाही! हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

मुख्य सेटिंग, एका मिनिटाचं काम

व्हीएस कोडमध्ये प्रोजेक्टचं फोल्डर उघडा, आणि उघडताना सगळ्यात वरचं उघडा, जिथे गिटइग्नोरची फाइल आहे ते. आतलं फ्रंटएंडचं तेवढं उघडून बसू नका.

मग कंट्रोल आणि स्वल्पविराम एकत्र दाबा, मॅकवर कमांड आणि स्वल्पविराम. सेटिंगचं पान उघडेल. वरच्या शोधपट्टीत एक्सक्लूड गिट इग्नोर टाइप करा. खाली 'एक्सप्लोरर: एक्सक्लूड गिट इग्नोर' नावाचा एक चेकबॉक्स दिसेल, मूळचा रिकामा असतो. त्यावर टिक करा. झालं, सेव्ह वगैरे करायचं नाही, रीस्टार्ट नाही, साइडबारकडे बघा, करड्या रंगाची सगळी मंडळी गायब.

चेकबॉक्स सापडतच नसेल तर तुमचं व्हीएस कोड फार जुनं आहे. हे सेटिंग १.६८ या आवृत्तीत, म्हणजे मे २०२२ च्या अपडेटमध्ये आलं. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून त्याच्या आधीची पण भेटतात म्हणून सांगितलं.

टिक करायच्या आधी शोधपट्टीच्या खाली दोन टॅब असतात तिकडे नजर टाका, यूजर आणि वर्कस्पेस. यूजरमध्ये केलं तर तुमच्या मशीनवरच्या सगळ्या प्रोजेक्टना लागू. वर्कस्पेसमध्ये केलं तर फक्त या प्रोजेक्टला, आणि त्यासाठी प्रोजेक्टमध्ये डॉट व्हीएसकोड नावाचं फोल्डर आणि त्यात सेटिंग्सची जेसन फाइल तयार होते. टीममध्ये असाल तर ती फाइल चुकून कमिट करू नका (म्हणजे गिटच्या नोंदीत घालू नका), कारण मग तुमच्या आवडीचा साइडबार सगळ्यांच्या माथी बसतो आणि सोमवारी सकाळी कुणीतरी विचारतं की माझी एन्वची फाइल कुठे गेली. मी यूजरमध्येच ठेवतो.

नवीन माणसाने हे लगेच लावावं का, तर माझं स्पष्ट मत, पहिले पंधरा दिवस नको. करडा रंग बघायची सवय होऊ दे, कुठली फाइल गिटमध्ये जाते आणि कुठली नाही हे नुसत्या रंगावरून कळायला लागू दे. मग लपवा. नाहीतर खाली सांगतो तसं होतं.

माझं लिब नावाचं फोल्डर

मागे एक प्रोजेक्ट होता, बॅकएंड जँगो, फ्रंटएंड रिअ‍ॅक्ट, दोन्ही एकाच रेपोमध्ये (म्हणजे गिट सांभाळतं त्या एकाच प्रोजेक्ट फोल्डरमध्ये). रेपो गिटहबवर बनवताना गिटइग्नोरचा तयार पायथॉन टेम्प्लेट निवडला, सगळेच निवडतात. लपवायचं सेटिंग चालू. एके दिवशी फ्रंटएंडच्या सोर्समध्ये छोटी छोटी फंक्शन्स ठेवायला नवीन फोल्डर केलं, नाव दिलं लिब, एंटर दाबलं आणि फोल्डर नाही. परत केलं. व्हीएस कोड लाल अक्षरात म्हणतं या नावाचं फोल्डर इथे आधीच आहे. अरे आहे तर दाखव ना बाबा! मी रीफ्रेश केलं, एडिटर बंद करून उघडला, शेवटी विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये जाऊन बघितलं तर तिथे फोल्डर व्यवस्थित बसलेलं.

कारण असं की त्या पायथॉन टेम्प्लेटमध्ये लिब आणि पुढे स्लॅश अशी एक ओळ असते. ती पायथॉनच्या बिल्डमधल्या लिबसाठी आहे, पण ओळीच्या सुरुवातीला स्लॅश नसल्यामुळे ती रेपोमधल्या कुठल्याही खोलीवरच्या लिबला लागू पडते, माझ्या फ्रंटएंडमधल्या पण. आणि खरा धोका साइडबारचा नव्हताच, ते फोल्डर गिटमध्येही जात नव्हतं. माझ्या मशीनवर सगळं चाललं असतं आणि सर्व्हरवर बिल्ड फुटला असता. साइडबारमधून गायब झालं म्हणून तरी पकडलं गेलं म्हणा.

असं झालं की अंदाज बांधत बसायचं नाही, गिटलाच विचारायचं. टर्मिनल उघडा आणि लिहा: गिट, मग चेक-इग्नोर (मध्ये डॅश आहे), मग एक डॅश आणि व्ही, मग त्या फाइलचा पाथ. उत्तरात येतं की कुठल्या इग्नोर फाइलच्या कितव्या ओळीतल्या कुठल्या नियमामुळे ती अडली. एवढी सोपी कमांड आहे आणि मला ती कित्येक वर्षं माहीत नव्हती.

मग दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक तर त्या ओळीच्या आधी स्लॅश लावा, म्हणजे नियम फक्त गिटइग्नोर जिथे आहे त्याच पातळीवरच्या लिबला लागेल. किंवा खाली एक नवीन ओळ लिहा, सुरुवातीला उद्गारचिन्ह आणि पुढे तुमच्या फोल्डरचा पूर्ण पाथ, म्हणजे 'हे सोडून'. उद्गारचिन्हाची एक अट आहे, वरचं अख्खं फोल्डरच इग्नोर असेल तर आतली एखादी फाइल त्याने परत आणता येत नाही. दाराला कुलूप असताना आतलं कपाट उघडं ठेवून काय उपयोग.

एन्वची फाइल कुठे गेली

लपवल्यानंतरचा हा दुसरा प्रश्न आणि हा प्रत्येकाला पडतोच. नोड मॉड्यूल्स लपलं ते बरंच झालं, पण त्याच्याबरोबर डॉट एन्व पण लपली, आणि ती तर आपण रोज उघडतो. कंट्रोल पी दाबून शोधायला जावं तर तिथेही येत नाही, कारण ती पट्टी पण सर्चसारखी इग्नोरचे नियम पाळते. आधी कधी उघडली असेल तर जुन्या यादीतून दिसेल एवढंच.

सोपा उपाय, टर्मिनलमध्ये कोड लिहून स्पेस देऊन फाइलचं नाव लिहा, थेट उघडते. मॅकवर ही कोड कमांड आधी एकदा बसवून घ्यावी लागते, कमांड पॅलेटमध्ये शेल कमांड शोधलं की पर्याय येतो. नाहीतर मग फाइल मेनूतून ओपन करा, पण मॅकच्या त्या खिडकीत डॉटवाल्या फाइल्स दिसत नाहीत, कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र दाबलं की दिसतात.

आणि इथे एक गंमत बघा. लपवलेली फाइल एडिटरमध्ये उघडली की ती साइडबारमध्ये प्रकट होते! व्हीएस कोडचा नियमच आहे की समोर उघडी असलेली फाइल आणि तिच्यावरची फोल्डर्स लपवायची नाहीत. म्हणून तुम्ही एखाद्या लायब्ररीच्या फंक्शनवर कंट्रोल क्लिक करून आत गेलात की नोड मॉड्यूल्स अचानक साइडबारमध्ये हजर, दुसऱ्या टॅबवर गेलात की परत गायब. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं सेटिंग बिघडलं, उगाच अर्धा तास घालवला. बिघडलेलं नसतं, तसंच आहे ते.

हा भाग वाचल्याशिवाय लेख बंद करू नका

व्हीएस कोड हे लपवताना गिटला काहीही विचारत नाही. ते फक्त गिटइग्नोरची फाइल वाचतं आणि नाव जुळलं की लपवतं. आणि गिटचा स्वतःचा नियम असा की जी फाइल आधीच एकदा कमिट झालीय तिला गिटइग्नोर लागूच होत नाही, तिच्यातले बदल गिट पाहतच राहतं. हे दोन्ही एकत्र केलं की काय होतं? समजा तुम्ही पहिल्या दिवशी उत्साहाने गिट अ‍ॅड टिंब केलं (म्हणजे फोल्डरमधलं सगळं गिटमध्ये घेतलं), एन्वची फाइल त्यात गेली, मग कुणीतरी सांगितलं म्हणून ती गिटइग्नोरमध्ये टाकली. आता साइडबारमधून ती नाहीशी, तुम्ही निवांत, आणि ती प्रत्येक कमिटबरोबर गिटहबवर चाललीये. आधी निदान डोळ्यासमोर होती, करडी झाली नाही हे तरी दिसलं असतं, आता ते पण नाही.

म्हणून लपवायच्या आधी एकदा तपासा. टर्मिनलमध्ये गिट, एलएस-फाइल्स (मध्ये डॅश), आणि पुढे डॉट एन्व. काहीच छापून आलं नाही तर उत्तम. फाइलचं नाव छापून आलं तर ती गिटच्या ताब्यात आहे, मग गिट, आरएम, दोन डॅश लावून कॅश्ड, आणि फाइलचं नाव. ते कॅश्ड विसरलात तर फाइल डिस्कवरून पण उडेल, तेवढं सांभाळा, फोल्डर असेल तर डॅश आर पण लावायचा. मग कमिट. यानंतर ती फाइल तुमच्याकडे राहते आणि गिटमधून सुटते, पण फक्त इथून पुढे, जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. तेव्हा त्यातल्या की आणि पासवर्ड बदलून टाका, ते एकदा बाहेर पडले म्हणजे पडले. टीममधल्या बाकीच्यांना पण सांगा, कारण त्यांनी पुल केलं की त्यांच्याकडची फाइल उडते.

गिटइग्नोर लिहितानाच्या बारीक चुका पण इथेच सांगून टाकतो, कारण फाइल लपत नसेल तर बहुतेक वेळा कारण यातलंच असतं. एक म्हणजे विंडोजच्या नोटपॅडने फाइल सेव्ह केली की शेवटी टीएक्सटी चिकटतं, आणि विंडोज ते एक्सटेन्शन दाखवत नाही, तुम्हाला वाटतं नाव बरोबर आहे. गिटइग्नोर नेहमी व्हीएस कोडमधूनच बनवा. दुसरं, कॉमेंटसाठी हॅश चालतो पण फक्त ओळीच्या सुरुवातीला, नियमाच्या पुढे त्याच ओळीत हॅश टाकून टीप लिहिलीत तर ती टीप नियमाचाच भाग समजली जाते आणि नियम मेला. आणि एन्व आणि डॉट एन्व यांत गल्लत, एक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर आणि दुसरी पासवर्डची फाइल, एका टिंबाचा फरक.

सगळं नाही, ठरावीकच लपवायचंय

मी स्वतः आता हेच करतो खरं तर. तुम्ही साइडबारमध्ये डॉट गिट नावाचं फोल्डर कधी पाहिलंय? प्रत्येक रेपोमध्ये असतं, पण दिसत नाही, कारण व्हीएस कोडमध्ये फाइल्स: एक्सक्लूड नावाची एक यादी आधीपासून आहे आणि त्यात ते लिहिलेलं आहे, मॅकची डीएस स्टोअर फाइल पण त्यातच. या यादीत आपली भर घालता येते. सेटिंगमध्ये फाइल्स एक्सक्लूड शोधा, अ‍ॅड पॅटर्नचं बटण दाबा, आणि लिहा दोन तारे, स्लॅश, आणि फोल्डरचं नाव, म्हणजे **/ आणि पुढे नोड मॉड्यूल्स, अर्थात इंग्रजीत. दोन तारे म्हणजे कुठल्याही खोलीवर असू दे. मग आधी सांगितलेल्या एक्सक्लूड गिट इग्नोरच्या चेकबॉक्सवरची टिक काढून टाकायची. माझ्या यादीत नोड मॉड्यूल्स, पायकॅश आणि व्हेन्व एवढंच आहे. डॉट एन्व समोर दिसते, करडी दिसते, आणि करडी दिसते म्हणूनच मला खात्री असते की ती बाहेर जात नाहीये.

फक्त हे लक्षात असू द्या की या यादीत टाकलेलं सर्चमधूनही जातं. सर्चमधून काढायचं पण साइडबारमध्ये ठेवायचं असेल तर त्याची सर्च: एक्सक्लूड अशी वेगळी यादी आहे, नोड मॉड्यूल्स त्यात आधीपासूनच असतं.

लॉकच्या फाइल्सचा (लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्या लिहिलेल्या असतात त्या) त्रास होत असेल तर त्या मात्र लपवू नका, त्या कमिट करायच्या असतात. त्यासाठी फाइल नेस्टिंग चालू करा, सेटिंगमध्ये त्याच नावाने सापडेल, मग पॅकेज लॉकची फाइल पॅकेजच्या जेसनखाली दुमडून बसते, बाण दाबला की उघडते. घरात अडगळ माळ्यावर जाते आणि रोजचे डबे एकात एक बसतात, तसंच.

लपवलेल्यात शोधायचं असेल तर

कधीतरी लायब्ररीच्या आतलाच एखादा एरर मेसेज शोधावा लागतो. तेव्हा सेटिंग बदलत बसायची गरज नाही. सर्चच्या पॅनलमध्ये शोधचौकटीखाली तीन टिंबं असतात, ती दाबली की फाइल्स टु एक्सक्लूड अशी चौकट येते, तिच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटं बटण आहे, माउस नेलात की लिहून येतं की एक्सक्लूडची सेटिंग आणि इग्नोर फाइल्स वापरायच्या का. ते बंद करा, शोधा, काम झालं की परत चालू करा. परत चालू करायला विसरलात तर पुढच्या वेळी साधा बटन शब्द शोधाल आणि हजारो निकाल येतील, म्हणजे आठवेलच.

टर्मिनलमध्ये शोधणाऱ्यांसाठी, रिपग्रेप हे टूल वापरत असाल तर ते पण गिटइग्नोर पाळतं, इग्नोर केलेल्यातही शोधायचं असेल तर दोन डॅश लावून नो-इग्नोर द्यायचं. व्हीएस कोडचा सर्च आतून रिपग्रेपच वापरतो, म्हणून गिटइग्नोरच्या बाबतीत दोन्हीकडचं वागणं सारखं.

जागा वाचत नाही हं

मावसभावाने विचारलंच, लपवल्यावर लॅपटॉपवर जागा होईल का. नाही होणार, सगळं डिस्कवर तसंच आहे. जागा हवी असेल तर जुन्या प्रोजेक्टमधलं नोड मॉड्यूल्स हाताने डिलीट करा, लागेल तेव्हा एनपीएम इन्स्टॉल. गिटची एक क्लीन नावाची कमांड आहे, तिला कॅपिटल एक्स दिला की इग्नोर केलेलं साफ करते, इंटरनेटवर कुणी कुणी ती सुचवतात. पण तिला परत बनणारं आणि न बनणारं यातला फरक कळत नाही, नोड मॉड्यूल्सबरोबर तुमची डॉट एन्व पण जाते आणि ती गिटमध्ये नसल्यामुळे परत मिळत नाही. वापरायचीच तर आधी डॅश एन लावून बघा, काय काय उडणार त्याची नुसती यादी दाखवते.

बाकीचे एडिटर

झेडमध्ये सेटिंगच्या फाइलमध्ये प्रोजेक्ट पॅनलखाली हाइड गिटइग्नोर असं सेटिंग आहे, ते ट्रू करायचं. निओव्हिममध्ये एनव्हिम-ट्री हा प्लगइन वापरत असाल तर तो मूळचाच इग्नोर केलेलं लपवतो, झाडावर असताना कॅपिटल आय दाबलं की दिसतं, परत दाबलं की लपतं. हे एका बटणावरचं उघडझाक व्हीएस कोडमध्ये का नाही कोण जाणे, मला तरी तेच सगळ्यात जास्त आवडतं. सब्लाइममध्ये फोल्डर आणि फाइल एक्सक्लूड पॅटर्नच्या याद्या आहेत, त्या स्वतः भरायच्या. जुन्या लोकांना अ‍ॅटम आठवत असेल, त्यात ट्री व्ह्यूच्या सेटिंगमध्ये व्हीसीएस (म्हणजे गिटसारखी टूल्स) इग्नोर केलेल्या फाइल्स लपवायचा चेकबॉक्स होता, पण गिटहबने अ‍ॅटम १५ डिसेंबर २०२२ ला बंद केलं, तेव्हा एखादी जुनी पोस्ट वाचून तो चेकबॉक्स व्हीएस कोडमध्ये त्या नावाने शोधत बसू नका.

मावसभावाच्या मशीनवर मी त्या रात्री फक्त नोड मॉड्यूल्स तेवढं यादीत टाकलं आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत फोन, दादा आता नोड मॉड्यूल्स डिलीट झालं वाटतं.